तीन उंबरठ्यांचे गाणे

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याच्या रस्त्याला लागले आणि चौका हे गाव मागे पडले की, शहरापासून तिसाएक किलोमीटरवर फुलंब्री येते. लेणी पाहायला निघालेल्या बहुतेक गाड्या इथे थांबत नाहीत. पण या गावाचे नाव एका आडनावामुळे मराठी संगीतात घरोघरी पोचले आहे. ते आडनाव गायक-संगीतकार मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांचे. कृष्णरावांचा जन्म १८९८ मध्ये देवाच्या आळंदीत झाला आणि कर्तृत्व पुण्या-मुंबईत बहरले, तरी घराण्याचे मूळ गाव फुलंब्रीच. आम्हा मराठवाड्याच्या लोकांना या नावाचा अभिमान वाटतो आणि तो वाटायलाही हवा. मात्र कृष्णरावांचे गाणे कुठून आले हे शोधू लागले की वाट आपल्याला त्यांच्या गुरूंच्या दाराशी नेते. ते गुरू म्हणजे गायनाचार्य भास्करबुवा बखले.

भास्करबुवांचा आवाज आज कोणालाही ऐकता येत नाही. ग्रामोफोन कंपनीने हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण सुरू केले १९०२ मध्ये. बुवा गेले १९२२ मध्ये. मधल्या वीस वर्षांत अनेक गवई आणि गायिका तबकड्यांवर आल्या, बुवांची मात्र एकही तबकडी आपल्या हाती नाही. तरीही विसाव्या शतकातल्या मराठी माणसाच्या कानावर ज्या थोड्या लोकांनी खोल संस्कार केला, त्यांत त्यांचे नाव फार वरचे आहे. न ऐकलेल्या गवयाचे गाणे महाराष्ट्रभर कसे पसरले, याचे उत्तर त्यांच्या आयुष्यातच सापडते.

भास्कर रघुनाथ बखले यांचा जन्म १७ ऑक्टोबर १८६९ रोजी बडोदे संस्थानातल्या कठोर या गावी झाला. घरची गरिबी होती. शिक्षणासाठी मुलगा बडोद्याला आला, पण आवाज इतका गोड की शास्त्रापेक्षा गाण्याचीच ओढ लागली. बडोद्याचे कीर्तनकार पिंगळेबुवा यांच्याकडे त्याला पहिले धडे मिळाले. त्या काळच्या मराठी मुलाला सूर भेटायचा तो बहुधा असाच, देवळात, कीर्तनकाराच्या मागे झांजा धरून उभे राहताना.

तो काळ संगीताच्या दृष्टीने मोठ्या घालमेलीचा होता. पेशवाई बुडून अर्धशतक उलटले होते आणि १८५७ नंतर उत्तरेतले अनेक दरबार मोडले होते. आश्रय गेलेले गवई आणि बीनकार शिल्लक राहिलेल्या संस्थानांकडे वळत होते. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, म्हैसूर, पुढे कोल्हापूर, जिथे राजा रसिक तिथे मुक्काम. रेल्वेने अंतरे कमी केली, मुंबईत पैसा आला, आणि पैशाबरोबर मैफली आल्या. दुसरीकडे शिकलेल्या मध्यमवर्गाला गाणे हे आपले सांस्कृतिक धन वाटू लागले होते. पुण्यात १८७४ मध्ये गायन समाज स्थापन झाला. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली. गाणे दरबारातून शहरात येऊ पाहत होते, पण ते शिकायचे कसे आणि कोणाकडून, हा प्रश्न सुटलेला नव्हता.

कारण खरी विद्या उस्तादांच्या घरात बंद होती. यात उस्तादांना दोष देणे सोपे आहे, पण त्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. शेतकऱ्याला जशी जमीन, तशी गवयाला चीज. चीज म्हणजे रागात बांधलेली बंदिश, अस्ताई आणि अंतरा मिळून चार-सहा ओळींची. ती पिढ्यान्‌पिढ्या मुलाला आणि पुतण्याला मिळे. काही घराण्यांत मुलीच्या लग्नात जावयाला चिजा आंदण दिल्याच्या कथा आहेत. अशी मिळकत परक्याला दिली तर उद्या तोच दरबारात आपल्या समोर बसून गाणार, ही भीती खोटी नव्हती. म्हणून परका शिष्य वर्षानुवर्षे घरी राबे, पाणी भरे, हुक्का भरे, आणि उस्तादांच्या मर्जीची वाट पाही. मर्जी झाली तरी पुष्कळदा अस्ताई मिळे आणि अंतरा राखून ठेवला जाई. लिहून घ्यायची मुभा नसे. जे कानात राहील तेवढेच आपले.

भास्कर या जगात शिरला तो मात्र नाटकाच्या दारातून. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' रंगभूमीवर आणून संगीत नाटकाचे युग सुरू केले होते. त्यांच्या मंडळीला गोड गळ्याची मुले हवीच असत. बखल्यांचा मुलगा किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला आणि 'रामराज्यवियोग' नाटकात कैकेयीच्या भूमिकेत गाजला. इंदूरच्या मुक्कामात थोर बीनकार बंदे अली खाँ यांनी त्याचे गाणे ऐकले आणि ते इतके प्रसन्न झाले की त्यांनी स्वतःहून मुलाला शिष्य केले, असे सांगतात.

शिष्य करणे म्हणजे गंडा बांधणे. उस्ताद शागिर्दाच्या मनगटाला दोरा बांधतात, गूळ-चणे तोंडात घालतात, जमलेल्या गुणीजनांच्या साक्षीने नाते जुळते. हा दोरा म्हणजे करारच. बापाने मुलाला द्यावे तसे उस्ताद देतील आणि मुलाने बापाला मानावे तसे शागिर्द मानील. बीनकाराचा हा गंडा नाटकातल्या पोरासाठी फार मोठी गोष्ट होती.

नाटकातले यश वयाच्या मर्यादेतले होते. पौगंडावस्थेत आवाज फुटला आणि स्त्रीपार्टी नटाचे स्थान गेले. ज्या आवाजावर टाळ्या मिळाल्या तोच आवाज ऐन सोळा-सतराव्या वर्षी परका झाला. त्या काळात अशी कितीतरी मुले मंडळीत दुय्यम कामे करत विझून गेली. भास्कर तिथे रेंगाळला नाही. त्याने मंडळी सोडली आणि गाणे पुन्हा पहिल्यापासून शिकायचे ठरवले.

पहिला उंबरठा बडोद्याचा. तिथे फैज महंमद खाँ यांच्याकडे ग्वाल्हेर वळणाची तालीम सुरू झाली. ग्वाल्हेरची गायकी म्हणजे ख्यालाचा पाया. राग सरळ, अस्ताई-अंतरा स्वच्छ, आलाप, बोल, ताना सगळे आपापल्या जागी. ब्राह्मणाच्या मुलाने मुसलमान उस्तादांच्या घरी राहून सेवा करावी हे त्या काळच्या समाजाला पचणारे नव्हते. सोवळ्या-ओवळ्याच्या त्या जगात भास्करने जो निर्णय घेतला त्याचे मोल आज लक्षात येणार नाही. सुराचा हिशेब जातीने होत नाही, हे त्याने भाषण न करता आचरून दाखवले. फुटलेला आवाज त्याने मेहनतीने घडवला, मंद्रापासून वर, एकेक सूर घासून.

दुसरा उंबरठा आग्र्याच्या नत्थन खाँ यांचा. आग्रा घराण्याचे हे मोठे गवई पुढे म्हैसूर दरबारात होते. विलंबित लयीवर त्यांचा असा ताबा होता की ठेका संथ चालावा आणि बोलांची गुंफण मात्र सतत जिवंत राहावी. नोमतोम आलापाचा भारदस्तपणा, शब्दाला लयीच्या अंगाने वळवणे, समेवर नेमके येणे, हे सगळे भास्करबुवांनी या घरात मिळवले. पुढे धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात ते संगीतशिक्षक म्हणूनही राहिले. वर्गात फळ्यासमोर उभे राहून अनेकांना एकदम शिकवण्याचा अनुभव त्यांना इथे मिळाला, आणि पुढच्या आयुष्यात तो उपयोगी पडला. नत्थन खाँ १९०१ मध्ये वारले. त्यांचे चिरंजीव विलायत हुसेन खाँ पुढे स्वतः आग्रा घराण्याचे आचार्य झाले, आणि वडिलांच्या या मराठी शिष्याचा उल्लेख त्यांनी नेहमी आदराने केला.

तिसरा उंबरठा अल्लादिया खाँ यांचा. शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूर दरबारी ठेवून घेतले होते. जयपूर-अत्रौलीची ही गायकी पेचदार आणि बुद्धीला आव्हान देणारी. अनवट आणि जोड राग, तालाच्या मात्रांशी बांधलेली तान, श्वासाची लांबी. भास्करबुवा तोवर स्वतः नावाजलेले गवई होते. नाव झालेल्या माणसाने पुन्हा शागिर्द म्हणून कोणापुढे बसणे सोपे नसते. बुवा बसले.

एका माणसाने तीन घराण्यांची रीतसर तालीम घेणे ही त्या काळात दुर्मीळ गोष्ट होती. एका घरचे मीठ खाऊन दुसऱ्या घरी जाणे हा बेइमानपणा मानला जाई. बुवांच्या बाबतीत तसे घडले नाही, कारण ते कुठल्याही घरी चिजा गोळा करायला गेले नाहीत. पहिल्या घरची शिस्त सांभाळून त्यांनी पुढच्या घरचे घेतले. ग्वाल्हेरची मांडणी, आग्र्याची लय आणि जयपूरचा पेच यांची त्यांनी मोट बांधली नाही, तिन्ही पचवून स्वतःचे गाणे उभे केले. ख्यालाइतकीच धमार, ठुमरी आणि टप्प्यावरही त्यांची हुकमत होती. पंजाबात जालंधरच्या हरिवल्लभ मेळ्यात त्यांनी पंजाबी श्रोत्यांना जिंकले. मराठी गवयाने पंजाबी गवयांच्या देशात जाऊन वाहवा मिळवावी, ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. त्यांना 'देवगंधर्व' म्हणू लागले ते अशा मैफलींमुळे.

इथवरची कथा एका मोठ्या गवयाची आहे. तसे गवई त्या काळात आणखीही होते. भास्करबुवांचे वेगळेपण पुढे सुरू होते. जे इतक्या कष्टाने मिळवले ते त्यांनी कुलूप लावून ठेवले नाही.

१९११ मध्ये त्यांनी पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली. आजूबाजूला याच दिशेने इतरही मोठी माणसे चालली होती. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले होते. अब्दुल करीम खाँ यांचे आर्य संगीत विद्यालयही याच काळातले. पंडित भातखंडे गावोगावच्या चिजा लिपीत उतरवत होते. सगळ्यांचा रोख एकच, गाणे सामान्य घरापर्यंत नेणे. पलुस्करांनी त्यासाठी शाळा उभी केली, भातखंड्यांनी ग्रंथ उभा केला. भास्करबुवांनी माणसे उभी केली. गायन समाजात ते स्वतः शिकवायला बसत.

त्यांच्या शिष्यांची नावे एकत्र वाचली की थक्क व्हायला होते. रंगभूमीवर बालगंधर्व. हार्मोनियमवर आणि चाली देण्यात गोविंदराव टेंबे. गोमंतकाच्या कलावंत परंपरेतल्या ताराबाई शिरोडकर. थेट पंजाबातून आलेले दिलीपचंद्र वेदी. बापूराव केतकर. आणि मास्तर कृष्णराव. नट, पेटीवादक, कलावंतीण, परप्रांतीय तरुण, भिक्षुकाच्या घरचा मुलगा. ज्या समाजात कोणी कोणाशेजारी बसावे याचे नियम काटेकोर होते, तिथे ही सगळी एकाच तंबोऱ्याखाली बसली. आणि यांतला कोणीही दुसऱ्यासारखा गाइला नाही. गुरूचा शिक्का मारलेली नक्कल न निघता प्रत्येकाचे गाणे स्वतंत्र निघाले, हीच बुवांच्या शिकवण्याची खरी ओळख.

पण गायन समाजाच्या चार भिंतींत कितीजण मावणार? लाखो लोकांपर्यंत पोचण्याचे त्या काळातले साधन एकच होते, नाटक. ज्या दारातून लहानपणी बुवा संगीतात आले, त्याच दारातून त्यांचे गाणे आता लोकांत गेले.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे टिळकांचे सहकारी, 'केसरी'चे संपादक, आणि तितकेच समर्थ नाटककार. १९११ मध्ये त्यांच्या 'मानापमाना'ला टेंब्यांनी पूरब अंगाच्या चाली दिल्या आणि नाट्यपदाला नवा रंग आला. १९१३ च्या 'विद्याहरणा'ला चाली दिल्या भास्करबुवांनी. त्याच वर्षी बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, आणि १० डिसेंबर १९१६ रोजी खाडिलकरांचे 'स्वयंवर' रंगभूमीवर आले. रुक्मिणी बालगंधर्व आणि संगीत भास्करबुवांचे. १९२० च्या 'द्रौपदी'चे संगीतही त्यांचेच.

'स्वयंवरा'तल्या एका पदाची घडण जवळून पाहू. बुवांकडे यमनातली एखादी हिंदी बंदिश आहे. समेला कोणता स्वर पडतो, कुठे दीर्घ स्वरावर थांबून आलाप घेता येतो, कुठे अक्षरे भरभर जातात, हे सगळे त्या बंदिशीत पक्के आहे. नाटककाराने या साच्यात मराठी शब्द भरायचे. जिथे सूर लांबतो तिथे मराठीतही आकार-ईकार यायला हवा, नाहीतर गाणाऱ्याचा गळा अडतो. समेवर पडणारा शब्द अर्थानेही वजनदार हवा, नाहीतर टाळी चुकीच्या शब्दाला पडते. आणि हे सांभाळून रुक्मिणीची त्या क्षणीची लाज, ओढ, निश्चय शब्दांत यायचा. दोन कारागीर एकाच दागिन्यावर दोन बाजूंनी काम करतात तसे हे काम. यमन, बिहाग, भूप, भीमपलास असे राग या नाटकातून जणू स्वतःच पात्रे होऊन रंगमंचावर आले. किर्लोस्करांच्या काळात नाट्यपद साकी, दिंडी आणि कीर्तनी वळणांवर उभे होते. आता ते ख्यालाच्या पायावर उभे राहिले.

मग बालगंधर्वांच्या गळ्याने बाकीचे काम केले. ऑर्गनचा भरदार सूर, कादरबक्षांची सारंगी, पुढे अहमदजान थिरकवाँचा तबला. ज्या बाईला मैफलीला जायची परवानगी नव्हती, ज्या कारकुनाला उस्तादांच्या घरी पाऊल टाकायची हिंमत नव्हती, त्यांच्या कानावर तिकिटाच्या पैशात यमन पडू लागला. राग ओळखता येत नसले तरी पद गुणगुणता येत होते, आणि गुणगुणता गुणगुणता रागाची वाट पायाखाली येत होती. महाराष्ट्रात आजही कित्येकांना भूप कळतो तो आधी नाट्यपदातून. मैफलीला दर्दी श्रोता हवा असतो. तो श्रोता या नाटकांनी घडवला.

याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. पदांची आणि 'वन्समोअर'ची गर्दी इतकी वाढली की नाटक मागे पडू लागले. प्रयोग रात्र रात्र चालू लागले, कथानक गाण्यासाठी थांबू लागले. बोलपट आल्यावर हा डोलारा टिकला नाही, त्याचे एक कारण या अतिरेकातही आहे. पण अतिरेक झाला तो नंतरच्या यशाच्या नशेत. बुवांच्या चाली प्रसंगाला धरून होत्या, म्हणूनच त्या नाटके मागे पडल्यावरही उरल्या.

८ एप्रिल १९२२ रोजी पुण्यात भास्करबुवांचे निधन झाले. वय अवघे ५२. आणखी वीस वर्षे मिळती तर आकाशवाणी आली असती, ध्वनिमुद्रणाची कला सुधारली असती, आवाज राहिला असता. तसे झाले नाही. राहिले ते शिष्य.

दिलीपचंद्र वेदी गुरू गेल्यावर फैयाज खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडे शिकायला गेले. दुसरे दार ठोठावायला लाज वाटू द्यायची नाही, हा गुरूचाच संस्कार. टेंब्यांनी पेटीला मैफलीत मान मिळवून दिला आणि त्या काळाच्या संगीतावर मोलाचे लेखनही केले. युरोपातून आलेले हे पट्ट्यांचे वाद्य आपल्या गळ्याच्या गाण्याशी एकजीव होऊन कसे बोलू शकते, हे त्यांच्या बोटांनी सिद्ध केले.

आणि फुलंब्रीकर. आधी नाटकात बालनट, तिथे सवाई गंधर्वांचे मार्गदर्शन, आणि १९११ च्या सुमारास कोवळ्या वयात भास्करबुवांकडे प्रवेश. तेव्हापासून गुरूच्या अखेरीपर्यंत हा मुलगा त्यांच्या मागे तंबोरा घेऊन बसला. गुरूच्या पश्चात भारत गायन समाजाचे काम त्यांनी आपले मानले. गंधर्व मंडळीत चाली देण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. १९३१ च्या 'कान्होपात्रा'तले अभंग त्यांनी असे बांधले की कीर्तन आणि ख्याल पुन्हा एकत्र आले, गुरूच्या बालपणापासून निघालेले वर्तुळ पूर्ण झाले. 'प्रभात'च्या 'धर्मात्मा', 'अमरज्योती', 'माणूस', 'शेजारी' या चित्रपटांना आणि १९४२ च्या 'कुलवधू' नाटकाला त्यांचे संगीत आहे. 'वंदे मातरम्'ला त्यांनी झिंझोटी रागात चाल दिली. हे गीत राष्ट्रगीत म्हणून वाद्यवृंदावर वाजवता येणार नाही हा आक्षेप आला, तेव्हा बँडवर ते बसवून दाखवले आणि दिल्लीत नेत्यांसमोर त्याची बाजू मांडली. राष्ट्रगीताचा मान 'जन गण मन'ला मिळाला, पण २४ जानेवारी १९५० रोजी 'वंदे मातरम्'ला समान सन्मान जाहीर झाला, त्यामागच्या खटपटीत या मराठी संगीतकाराचा वाटा होता. १९५६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इच्छेवरून त्यांनी बुद्धवंदना स्वरबद्ध केली. बाबासाहेबांनी ज्या शहरात मिलिंद महाविद्यालय उभारले, त्या आमच्या छत्रपती संभाजीनगरला हा धागा विशेष जवळचा वाटतो. १९७१ मध्ये कृष्णरावांना पद्मभूषण मिळाले, १९७४ मध्ये ते गेले.

या सगळ्या कामाइतकेच मला त्यांचे आणखी एक काम मोठे वाटते. कृष्णरावांनी 'रागसंग्रह' नावाने सात भागांत चिजा स्वरलिपीसह छापल्या. फुलंब्रीच्या शाळेतल्या मुलीने पेटी पुढ्यात घेऊन तो ग्रंथ उघडला, तर तिला कोणाच्या घरी पाणी भरावे लागणार नाही, जात सांगावी लागणार नाही. उस्ताद जो राखून ठेवत, ज्याच्यासाठी तिच्या आधीच्या किती पिढ्या दारात ताटकळल्या, तो अंतराही तिथे अस्ताईच्या खाली पुरा छापलेला आहे.